मंद झालेले डोळे
(शास्त्रपाठ : उत्पत्ति २७:१-२३)

वृद्ध इसहाकाची दृष्टि गेली तेव्हा त्याला फसविणारा कोणी परका नव्हता. तो त्याचा पोटचा पुत्र होता. हातांस करडांची कातडी लावून याकोबाने पित्याच्या अंधत्वाचा लाभ घेतला. आजही आंधळ्या बापाचा अंगठा कागदावर उमटवून घेणारे पुत्र आहेत. आणि ‘म्हातारपणी असे व्हावयाचेच’ असे म्हणून स्वस्थ बसणे, हाही त्या बापावर अन्यायच होय.

इसहाकाच्या काळी उपाय नव्हता, आज आहे. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसविल्यास बहुधा पुन्हा दिसू लागते. काचबिंदूने गेलेली दृष्टि मात्र परत येत नाही; म्हणून तपासणीस विलंब नको.

आंधळ्याच्या वाटेत अडथळा घालण्यास शास्त्राने मना केले आहे (लेवीय १९:१४). आपला आळस हाच तो अडथळा होऊ नये. उपदेशकहो, घरोघर जाल तेव्हा म्हाताऱ्यांच्या डोळ्यांचीही विचारपूस करा. ज्यांची दृष्टि परत येणार नाही त्यांच्यापाशी बसून शास्त्र वाचा, व हात धरून त्यांस उपासनेस आणा. प्रभु आपणांस अशी प्रीति देवो. आमेन.