गाईडातलं इंग्रजी

वह्या मिटा. मागच्या बाकावरच्यांनीसुद्धा.

रजेचे अर्ज तपासले. एकाने आजोबा वारल्याचं कळवताना ‘किक्ड द बकेट’ लिहिलंय. नाव घेत नाही. पण घरात सुतक असताना असं लिहायला हात कसा धजला? ते थट्टेतलं बोलणं आहे, कट्ट्यावरचं. दुःखाच्या वेळी ‘पास्ड अवे’ म्हणतात. गाईडात पुढे ‘मरणे’ एवढंच छापलंय, तेवढंच तू उचललंस. कुणी, कुणापुढे, कधी म्हणायचं, हे विचारावंसंही वाटलं नाही!

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तुम्ही बारावीत बसलाय. ‘वन्स इन अ ब्लू मून’ घडाघडा म्हणता, आणि मुरगूडच्या स्टँडवर परक्या माणसाने गारगोटीची गाडी कधी आहे असं इंग्रजीत विचारलं, तर मान खाली. उद्या कागलच्या एमआयडीसीत मुलाखतीला जाल, तिथे साहेब वाक्प्रचार विचारणार नाही. मशीन का बंद पडलं, माल का संपला, हे विचारेल. तिथे ‘ब्रेक डाउन’ लागतं, ‘रन आउट ऑफ’ लागतं. असले बारके शब्दप्रयोग तुम्ही सोपे म्हणून ओलांडून जाता.

मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षक ढाक्यात बंगाली मुलांच्या इंग्रजीवर वर्षानुवर्षं राबला. 1953 साली त्याची सुमारे 2000 शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. साध्या इंग्रजी मजकुरातले पाचापैकी चार शब्द याच यादीतले निघतात. ते आधी पक्के करा. आणि सुटे लिहू नका. ‘मिस्टेक’बरोबर ‘मेक’, ‘होमवर्क’बरोबर ‘डू’, ‘फोटो’बरोबर ‘टेक’. शब्द ज्याच्या जोडीने येतो त्याच्यासकट लिहा, स्वतःच्या वाक्यात लिहा, आणि चार दिवसांनी न बघता पुन्हा म्हणा.

निपाणी इथून किती लांब आहे? तिथल्या बाजारात व्यापारी एका गिऱ्हाइकाशी मराठी बोलतो, दुसऱ्याशी कानडी. त्याने कुठलं गाईड पाठ केलं होतं? चुकला, लोक हसले, तरी बोलत राहिला.

आणि इथे? परवा एक मुलगी धीर करून इंग्रजीत बोलायला उठली, तर मागून ‘लई शानी झालीस’ म्हणून खिदळलात. ती खाली बसली, त्यानंतर तिने तोंड उघडलेलं नाही. तुमच्या चुकांचा मला इतका राग येत नाही, जितका त्या हसण्याचा आला. यापुढे जो हसेल, त्याने तेच वाक्य स्वतः उभं राहून पुरं करायचं.

उद्या प्रत्येकाने पाच वाक्यं बोलायची. धार काढली, उसाला पाणी पाजलं, आईबरोबर भाकरी थापल्या, जे केलं असेल ते. गाईडातला वाक्प्रचार एकही नको. शब्द अडला तर मधल्या सुट्टीत या, मी वर्गातच असते.