पेरणीनंतर बदललेला नियम

१९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. बरोबर एक महिन्याने, १९ सप्टेंबरला, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-१बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलरची फी लावली. पहिला कागद माझ्या बाबांना लागला, दुसरा मला.

बाबांचं हिंगणघाट तालुक्यात अकरा एकर वावर आहे. त्यातल्या सात एकरांत यंदा पराटी होती. मी पुण्यात बॅकएंडचं काम करतो. मार्च २०२६ च्या व्हिसा लॉटरीत कंपनी माझं नाव टाकणार होती, आता टाकणार नाही. एक लाख डॉलर म्हणजे साधारण ८८ लाख रुपये. तेवढ्यात आमच्या तालुक्यात बरंच काही होतं. माझ्यासाठी एवढे पैसे कोणी भरणार नाही, आणि हिशोबाने बघितलं तर मीही भरले नसते.

दिवाळीत घरी मी अमेरिकेला शिव्या घालत होतो आणि बाबा दिल्लीला. मध्येच ते थांबले आणि म्हणाले, "तिकडच्यानं टॅक्स लावला तं जुलूम, इकडच्यानं काढला तं बी जुलूम. मंग टॅक्स पायजे का नाई पायजे? एक काय थे सांग."

प्रश्न थट्टेत विचारलेला होता, पण मला तो सुटेना. बाबांना कापसाभोवती भिंत हवी आहे आणि मला अमेरिकेच्या नोकऱ्यांभोवती भिंत नको आहे. एकाच घरात, एकाच ताटावर बसून आम्ही उलट्या मागण्या करतो आणि दोघांनाही वाटतं की आपली मागणी न्यायाची आहे. मग न्याय म्हणजे काय, ज्याचं त्याचं पोट?

आधी थोडं मागचं सांगतो, कारण या दोन कागदांमध्ये एक धागा आहे. अमेरिकेने ७ ऑगस्टपासून भारतीय मालावर २५ टक्के आयात कर लावला आणि २७ ऑगस्टपासून रशियन तेलाच्या कारणाने आणखी २५. एकूण ५०. तिरुपूरच्या होजियरीला याचा थेट फटका. तिथले कारखानदार म्हणाले, बाहेर माल विकायचा तर निदान कच्चा माल तरी स्वस्त मिळू द्या. सरकारने २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसावर लावलेलं ११ टक्के शुल्क तात्पुरतं उठवलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत. तेव्हा बाबाही फार बोलले नाहीत, कारण सप्टेंबरात आमच्याकडे विकायला कापूस नसतोच. मग २८ ऑगस्टला मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. विदर्भातला कापूस घरात येतो तो नेमका ऑक्टोबर ते डिसेंबर.

म्हणजे वॉशिंग्टनमध्ये मारलेला दगड तिरुपूरला लागला, आणि तिरुपूरने तो पुढे आमच्या वावरात सरकवला. यात तिरुपूरचा मजूर खलनायक नाही. तोही बऱ्याचदा बिहार-ओडिशातून आलेला असतो आणि ऑर्डर गेली की आधी त्याचा पगार जातो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, त्यामुळे कागदोपत्री शेतकरी सुरक्षित होता. पण हमीभावाने विकायचं तर ॲपवर नोंदणी हवी (बाबांची मी पुण्यातून केली), ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा आणि थांबायची ताकद हवी. या वर्षीच्या पावसाने बोंडं भिजवली. ज्याला सोसायटीचं कर्ज आणि पोरीचं लग्न आहे, तो दारात आलेल्या व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. आमच्या दारातला ६,९०० म्हणाला. तेव्हा शुल्क काढल्याचा भार 'शेतकऱ्यांवर' पडला असं म्हणणंही ढोबळ आहे. तो पडला थांबू न शकणाऱ्यावर.

बाबांच्या प्रश्नाला माझ्या मित्रांकडे दोन तयार उत्तरं होती. एक जण म्हणाला, सगळं खुलं करा, माल पण आणि माणसं पण. तुझे बाबा कमी भावाने विकतील, तू जास्त पगाराने जाशील, घराचा हिशोब प्लसमध्ये. दुसरा म्हणाला, प्रत्येक देशाने आपलं बघावं. मग तू रडू नकोस. दोन्ही उत्तरं सुसंगत आहेत आणि दोन्ही मला पटत नाहीत. कर हे हत्यार आहे. फवारणीचा पंप चांगला की वाईट असं आपण विचारत नाही. काय भरलंय आणि वारा कुठल्या दिशेला आहे ते विचारतो. दोन ठिकाणी दोन वेगळ्या मागण्या करणं म्हणजे आपोआप दुटप्पीपणा नव्हे. पण मग दोन्ही ठिकाणी एकच लागू पडेल असं कारण मला दाखवता आलं पाहिजे. ते नसेल तर बाबा बरोबर आहेत.

मला सुचलेलं पहिलं कारण पेरणीचं. कपाशी जूनमध्ये लावली, तेव्हा शुल्क ११ टक्के होतं. बियाणं, खत, फवारणी, सगळा खर्च तो नियम धरून झाला. नियम ऑगस्टमध्ये बदलला, जेव्हा पराटी उपटून सोयाबीन पेरता येत नाही. माझंही तसंच. दहावीपासून कोणतं कॉलेज, कोणती भाषा, कोणती कंपनी, हे सगळं एका नियमावर बेतलेलं होतं. २०२४ च्या आर्थिक वर्षात मंजूर झालेल्या एच-१बी अर्जांपैकी ७१ टक्के भारतीयांचे होते. म्हणजे हे पीक मी एकट्याने घेतलेलं नाही. फीचा हुकूम १९ तारखेला निघाला आणि २१ ला लागू झाला. सुट्टीवर आलेले लोक विमानतळाकडे पळाले. फी जुन्या व्हिसाधारकांना नाही, फक्त नव्या अर्जांना आहे, हा खुलासा नंतर आला. प्रॉडक्शनवर शुक्रवारी संध्याकाळी न सांगता बदल ढकलणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

तर नियम कडक करा, पण पेरणीआधी सांगा. हे बाबांनाही पटलं आणि मला वाटलं, सुटलं.

पण ते फार काळ टिकलं नाही. कारण अगदी आधी सांगून, नीट छापून, वर्षानुवर्षं न बदलता चालवलेला नियमही जुलमी असू शकतो. उदाहरण आमच्याच गावचं आहे. १८९६ मध्ये सरकारने बाहेरून येणाऱ्या सुती कापडावर साडेतीन टक्के कर ठेवला आणि भारतीय गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर लावला, म्हणजे मँचेस्टरला इथल्या गिरणीची स्पर्धा जड जाऊ नये. हिंगणघाट आणि पुलगावच्या गिरण्यांना हा नियम पूर्ण माहीत होता. तो १९२६ पर्यंत चालला. पूर्वसूचना होती, सातत्य होतं. न्याय नव्हता, कारण ज्यांच्याकडून कर घेतला जात होता त्यांना तो ठरवताना कोणी विचारलं नव्हतं.

माणसांच्या येण्याजाण्याचंही तेच. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे अमेरिकेत गेले, मजुरी करत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत उतरले आणि पुढे मेक्सिकोत मक्याच्या संशोधनासाठी नावाजले गेले. दिएगो रिव्हेराच्या भित्तिचित्रात आमच्या वर्धेचा हा माणूस आहे. (आमच्या कॉलेजात चार वर्षांत त्यांचं नाव एकदाही ऐकलं नाही, ही वेगळीच गोष्ट.) खानखोजे गेले तेव्हा दार किलकिलं तरी होतं. १९१७ च्या कायद्याने ते आशियातल्या बहुतेकांना बंद झालं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही.

या खटल्याचा मला दुसऱ्याच कारणासाठी उपयोग आहे. सध्या अमेरिकेतल्या कोर्टांबद्दल बोलताना आपण आधी एकच विचारतो: न्यायाधीश कोणाचा? ट्रम्पचा की बायडेनचा? थिंदच्या बेंचवर दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले न्यायाधीश होते आणि निकाल एकमताने होता. पक्ष नव्हता तरी अन्याय झाला.

उलट बाजूही बघा. ट्रम्पच्या आयात करांविरुद्ध, १९७७ च्या आणीबाणीविषयक आर्थिक कायद्याचा तो अर्थच होत नाही म्हणून, छोटे व्यापारी कोर्टात गेले. त्यात एक वाइन आयात करणारा होता. २८ मे २०२५ ला तीन न्यायाधीशांनी एकमताने कर बेकायदा ठरवले. एकाला रेगनने नेमलेलं, एकाला ओबामाने, एकाला खुद्द ट्रम्पने. २९ ऑगस्टला अपील कोर्टात सात विरुद्ध चार असा निकाल आला. करांच्या विरोधातल्या सातांत एक थोरल्या बुशचा, आणि करांच्या बाजूने लिहिणाऱ्या चारांत दोघे ओबामाचे. सर्वोच्च न्यायालयात ५ नोव्हेंबरला युक्तिवाद झाला. डिसेंबर २०२५ मध्ये मी हे लिहीत होतो तोवर निकाल यायचा होता. तिथे नऊपैकी सहा रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांचे, म्हणून निकाल आधीच ठरलाय असं तेव्हा माझ्या ऑफिसात सगळे म्हणत होते. पण 'कोणाचा' या एका प्रश्नावर थांबलं की निकाल वाचायची गरजच उरत नाही, आणि हा आळस आपल्याला फार सोयीचा आहे. आपल्याकडे तर पक्षांतराच्या तंट्यात विधानसभेचा अध्यक्षच न्याय देतो आणि अध्यक्ष कुठल्यातरी पक्षाचा असतोच. महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत हे इतक्या जवळून बघितलंय की तटस्थ माणूस असू शकतो हीच कल्पना आपल्याला भाबडी वाटायला लागली आहे.

मला ती भाबडी वाटत नाही. ट्रम्पने नेमलेल्या त्या न्यायाधीशाने ट्रम्पविरुद्ध लिहिलं, ही घडलेली गोष्ट आहे. पक्षपाती कोण, हे त्याला कोणी नेमलं यावरून नाही तर स्वतःच्या माणसाला 'नाही' म्हणायची वेळ आल्यावर तो काय करतो यावरून कळतं.

ही कसोटी मी माझ्यावर लावून बघतो तेव्हा अडचण सुरू होते. अमेरिकेत असा एक इंजिनिअर असणार, पंचेचाळिशीतला, ज्याची नोकरी स्वस्त पडणाऱ्या परदेशी माणसासाठी गेली आणि जायच्या आधी त्याच माणसाला काम शिकवायची पाळी आली. अशा बातम्या तिथे आलेल्या आहेत. त्याला एक लाख डॉलरची भिंत हवी असेल, तर त्याच्यात आणि बाबांमध्ये काय फरक? जोसेफ कॅरेन्स नावाच्या विचारवंताने १९८७ मध्येच लिहिलंय की श्रीमंत देशाचं नागरिकत्व हे जुन्या काळच्या सरदारकीसारखं आहे, जन्माने मिळणारं. वाचून बरं वाटतं, कारण मी भिंतीच्या बाहेर आहे.

पण गावात मी भिंतीच्या आत आहे.

वेचणीला आमच्याकडे मध्य प्रदेशातून मजूर येतात, कुटुंबंच्या कुटुंबं. यंदा ते किलोला दहा रुपयांनी वेचायला तयार होते. गावातल्या बायका बारा मागत होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: निंदण, खुरपण आम्ही करतो, पावसात चिखल आम्ही तुडवतो, अन् पैसे मिळायची वेळ आली की बाहेरचे बोलावता. आधी गावच्या बायांना काम द्या, उरलं तर बाहेरच्यांना. ही अक्षरशः अमेरिकन इंजिनिअरची मागणी आहे. भांडण वाढलं तसं ते तंटामुक्ती समितीपुढे गेलं. समितीत बसलेले बहुतेक सगळे कास्तकार, म्हणजे वेचाई देणारे. रेट दहा ठरला. हे कोर्ट कोणी नेमलं होतं ते सांगायची गरज नाही.

बाबांची बाजूही खोटी नाही. ६,९०० च्या भावात बारा रुपये वेचाई म्हणजे क्विंटलला बाराशे वेचण्यातच गेले. ११ टक्के शुल्क राहिलं असतं तर ते बारा देऊ शकले असते का? त्यांनी दिले असते का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

गांधी १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले तेव्हा मुद्दाम लँकेशायरला, डार्वेनला गेले. परदेशी कापडावरच्या बहिष्काराची झळ तिथल्या गिरणी कामगारांना लागली होती. ते त्यांच्या घरी गेले, त्यांचं ऐकलं आणि बहिष्कार मागे घेतला नाही. भारतातलं दारिद्र्य याहून खोल आहे हे त्यांना तोंडावर सांगितलं. पुढे तेच गांधी आमच्या जिल्ह्यात येऊन राहिले, आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा लिहीत बसले की विकत घेणाऱ्याच्या अंगावर त्या वस्तूमागच्या सगळ्या व्यवहाराची जबाबदारी येते. गांधींचं बरोबर होतं की नाही यावर वाद घालता येईल. पण ज्याचं नुकसान आपण करणार आहोत त्याच्या दारात जाऊन कारण सांगायचं, हे ना वॉशिंग्टनने केलं ना दिल्लीने. तुमचं दुःख यांच्या दुःखापेक्षा कमी आहे, असं बाबांना सांगायला तिरुपूरचा कोणी आला असता, तर बाबांनी आधी चहा विचारला असता आणि मग भांडले असते.

म्हणून मी बाबांना विचारलं, रेट ठरवताना गावातल्या बायांपैकी किंवा त्या मध्य प्रदेशवाल्यांपैकी कोणाला बसवलं होतं का?

"त्यायले कोन बसवते?" बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "अन् बसवलं असतं तं दहात झालं नसतं."

दुसरी वेचणी राहिली आहे. बाबा म्हणतात गावच्या बायांनाच सांगू, अकरात तुटेल. मी बाराचा हिशोब मांडून त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला आहे. दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर अजून नाही.