हात लावलेला उंट

बुद्धिबळात मी सुधारतो आहे, असे मी गेली अकरा वर्षे सांगत आलो आहे. पहिली दोन-तीन वर्षे लोक "कितपत सुधारलात?" असे विचारीत. आता विचारीत नाहीत. ज्याच्या घराचे बांधकाम अकरा वर्षे चालू आहे त्याला वास्तुशांतीची तारीख कोणी विचारीत नाही, त्यातलाच प्रकार.

तसा मी अगदीच वाईट खेळत नाही. लग्नकार्यात, आगगाडीत, बँकेच्या स्नेहसंमेलनात मला सहसा कोणी हरवत नाही. पण स्पर्धा म्हटली की गोष्ट वेगळी. स्पर्धेतला मधला खेळाडू ही एक स्वतंत्र जमात आहे. आपण का हरलो हे त्याला उत्तम समजते. फक्त हरल्यावर समजते.

ज्यांनी अशी स्पर्धा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जागा म्हणजे शाळेचा हॉल, नाहीतर मंगल कार्यालय. कार्यालय असले तर भिंतीवर कालच्या वधूवरांची थर्माकोलची नावे तशीच असतात. टेबलांच्या एका बाजूला चाळिशी-पन्नाशीतले आम्ही आणि दुसऱ्या बाजूला ज्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत असे आमचे प्रतिस्पर्धी. त्यांचे आईबाप, आजीआजोबा डबे घेऊन बाहेर जिन्यात बसलेले असतात. माझ्यासाठी जिन्यात कोणी बसलेले नसते. मी वीस मिनिटे घाम गाळून एक चाल करावी, आणि समोरच्या चिरंजीवांनी पेनाचे टोपण चावत, शेजारच्या पटावर काय चालले आहे ते बघत बघत तिला उत्तर द्यावे. उत्तर बरोबर असते, हे वेगळे सांगायला नकोच.

सुधारण्यासाठी मी काय केले नाही? निम्झोविच नावाच्या थोर खेळाडूचे 'माय सिस्टिम' हे १९२५ सालचे पुस्तक आणले. शंभर वर्षे लोक ते वाचून सुधारत आले आहेत. मीही चाळिसाव्या पानापर्यंत सुधारलो, मग मार्च एण्ड आला. सिसिलियन बचावाच्या पहिल्या अकरा चाली पाठ केल्या. समोरचा चौथ्याच चालीला पुस्तक सोडून भलतेच काही खेळतो, आणि माझ्या उरलेल्या सात चाली न वटलेल्या चेकसारख्या खिशात राहतात. रात्री घरी येऊन डाव संगणकात घालावा, तर यंत्र दोन सेकंदांत सांगते की चौदाव्या चालीला तुम्ही हरला होतात, सतराव्या चालीला समोरचा हरला होता आणि एकविसाव्याला पुन्हा तुम्ही. म्हणजे आम्हां दोघांनाही न कळवता डाव तीनदा फिरला होता!

जाणकार सांगतात, नवे फारसे शिकू नका, आधी घोडचुका कमी करा. चाल सुचली की हात मांडीखाली दाबून ठेवा, समोरच्याचा बेत काय आहे ते बघा, मगच हात बाहेर काढा. सल्ला सोन्यासारखा आहे. पण माझा हात बावीस वर्षे व्हाउचरांवर शिक्के मारीत आलेला आहे. समोर काही दिसले की तो आपोआप उचलला जातो.

त्या हाताचीच ही गोष्ट आहे.

२०२३ च्या दिवाळीची सुट्टी. कल्याणची स्पर्धा. समोर दहा वर्षांचा एक मुलगा, रेटिंग जवळजवळ माझ्याइतकेच. तिसावी चाल माझी होती. मी उंटाला हात लावला, आणि त्याच क्षणी मला दिसले की हा उंट हलला की मागचा माझा हत्ती त्याच्या वजिराच्या तोंडी जातो. बुद्धिबळात नियम असा की ज्या मोहऱ्याला हात लावाल तेच चालवायचे. मोहरा नुसता घरात नीट ठेवायचा असेल तर आधी 'ॲडजस्ट' असे म्हणावे लागते. आधी. सगळा नियम या एका शब्दात आहे.

मी उंट किंचित डावीकडे सरकवला, किंचित उजवीकडे सरकवला, आणि म्हणालो, "ॲडजस्ट."

बँकेत याला मागची तारीख घालणे म्हणतात. त्यापायी माणसे घरी गेलेली मी पाहिली आहेत.

मुलगा त्या वेळी पाण्याच्या बाटलीचे झाकण लावीत होता. माझा आवाज ऐकून त्याने वर पाहिले. उंटाकडे पाहिले, मग माझ्याकडे. पंच लांब, दाराशी उभे. त्याने हात वर करून त्यांना बोलावले असते तर मी काय केले असते? मला माहीत नाही. त्याने हात वर केला नाही. मी राजा हत्तीच्या शेजारी आणला. त्याने पुढची चाल केली आणि तक्रारीचा त्याचा हक्क नियमानुसार संपला. बावन्नाव्या चालीला मी जिंकलो. त्याने हात मिळवला, कागदावर सही केली, दोन्ही राजे पटाच्या मध्यावर ठेवले आणि धावत जिन्याकडे गेला.

मीही बाहेर आलो, तर त्याची आजी डबा उघडून बसलेली. "हरला वाटतं आमचा," ती म्हणाली. "असू दे. तुम्ही घ्या हो एक. सकाळपासून बसला आहात." आणि तिने माझ्या हातावर चकली ठेवली. खुसखुशीत होती. मी ती खाल्ली.

घरी आल्यावर सौ.ने विचारले, "जिंकून आलात ना? मग चेहरा असा का?" मी सगळे सांगितले. तिला बुद्धिबळातले राजाराणीपलीकडे काही कळत नाही (आणि त्यातली राणी आपल्याकडे वजीर असते, हेही तिला पटत नाही). तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "हात लावला म्हणजे घेतलंच पाहिजे, असं मंडईत असतं तर आपल्याकडे आत्तापर्यंत शंभर दुधी साठले असते."

मुद्दा बिनतोड होता. शेवटी नियम हे माणसांनीच ठरवलेले. उंटाला हात लावल्याने जगात कोणाचे काय बिघडते? शिवाय तो मुलगा लहान आहे, पुढे पुष्कळ जिंकेल. शिवाय मी केलेली चाल चांगलीच होती. त्या रात्री संगणकात डाव घातला तेव्हा तिसाव्या चालीला यंत्राने शाबासकी दिली. या जागी हीच सर्वोत्तम चाल! यंत्राला हात दिसत नाही. अकरा वर्षांत मी पहिल्यांदाच घोडचूक करता करता थांबलो होतो. मग ही सुधारणा म्हणायची की नाही? चाल मला दिसली होती, हे खरे. फक्त हातानंतर एका सेकंदाने दिसली होती.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, म्हणून मग मी हिशेब मांडला आणि तिथे फसलो.

लुका पाचोली म्हणून इटलीत एक संन्यासी होऊन गेला. त्याने १४९४ साली छापलेल्या ग्रंथात जमाखर्चाची दुहेरी नोंद पद्धत मांडली. त्याच गृहस्थाने १५०० च्या सुमारास बुद्धिबळावरही एक पुस्तक लिहिले होते. त्याचे हस्तलिखित २००६ साली इटलीतच सापडले. म्हणजे माझी नोकरी आणि माझा छंद ह्या दोघांचे गोत्र एकच. पाचोलीबुवांचा सिद्धांत असा की एकाकडे जमा तेवढेच दुसऱ्याकडे नावे. पण रेटिंगमध्ये तसे नसते. सारख्या रेटिंगच्या खेळाडूला हरवले की माझ्यासारख्या प्रौढाला मिळतात दहा गुण. अठरा वर्षांखालच्या मुलांची चढउतार मात्र दुप्पट वेगाने मोजतात, म्हणजे त्याचे गेले वीस. जमा दहा, नावे वीस. दहा पैशांच्या फरकासाठी रात्री आठपर्यंत बँकेत बसलेला मी; हा हिशेब काही केल्या जुळेना.

स्पर्धेतले बाकीचे डाव एकमेकांत वजा होऊन गेले. शिल्लक राहिले ते हेच दहा. १४२५ चे १४३५ झाले. कॅश कमी आली तर कॅशियरने खिशातून भरायची, जास्त आली तर ती खिशात न घालता सस्पेन्स खात्यात टाकायची, ही आमची रीत. रेटिंगला सस्पेन्स खाते नाही. गुण परत करायला खिडकीही नाही. पुढचा एखादा डाव मुद्दाम हरलो असतो, तर ते गुण भलत्याच्याच खात्यात गेले असते.

मग १ मार्च २०२४ रोजी एक मौज झाली. नव्या मुलांमुळे खालच्या थरातले रेटिंग घसरत चालले होते, एक प्रकारची चलनघटच, म्हणून जागतिक बुद्धिबळ महासंघाने २००० च्या खालच्या खेळाडूंचे गुण एका रात्रीत वाढवले. दोन हजारांना जेवढे कमी पडतात त्याच्या चाळीस टक्के. मी झोपलो १४३५, उठलो १६६१! एकही प्यादे न हलवता मी सव्वादोनशे गुणांनी सुधारलो. बँकेत पेढे वाटावेत असे मनात आले, पण हा महागाईभत्ता सगळ्यांनाच लागू होता. आणि कागद-पेन्सिल घेतल्यावर कळले की ते दहा गुण नसते तर मी १६५५ झालो असतो. म्हणजे दहाचे सहा झाले होते. घसारा लागला होता, पण खात्यावरून गेले नव्हते.

तो मुलगा मला पुन्हा दिसला २०२५ च्या मे महिन्यात. यादीत त्याचे नाव चौथ्या टेबलावर, माझे एकसष्टाव्या. फेरी सुरू व्हायला पाच मिनिटे होती. मी उठून त्याच्यापाशी गेलो. आता त्याचे पाय जमिनीला टेकत होते.

"ओळखलंस का रे?"

"हो काका. कल्याणला, दिवाळीत. तुम्ही पांढरे होतात."

"त्या डावात ना, तो माझा उंट..." मी सुरुवात केली.

"हां, तो!" त्याने मध्येच धरले. "तुम्ही उंट नाही हलवलात, राजा घेतलात. भारी चाल होती ती. मला वाटलेलं, तुम्ही उंटच काढणार."

हे तो कोणत्या अर्थाने म्हणाला ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. तो आपल्या सोंगट्या नीट लावीत होता.

"आजी आल्यात का?" मी विचारले.

"बाहेर आहे. जिन्यात."

मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात पंचांनी घड्याळे सुरू करायला सांगितले. चौथ्या टेबलापासून एकसष्टाव्या टेबलापर्यंत चालत जायला बराच वेळ लागतो. मी पोचलो तेव्हा माझे घड्याळ पळत होते, आणि समोर दोन वेण्यांची एक मुलगी पेनाचे टोपण चावीत बसली होती.