मेंदूच्या चित्रात काय नसतं

‘प्रेमात पडल्यावर मेंदूचा अमुक भाग उजळतो’ अशी बातमी रविवारच्या पुरवणीत आली की सोबत करड्या मेंदूवर केशरी ठिपका उठलेलं चित्र हटकून असतं. जणू कुणी विचाराचाच फोटो काढला आहे. ज्यांच्यामुळे ही चित्रं काढता आली, त्या सेइजी ओगावांनी मात्र शोधलं होतं ते रक्त.

ओगावांचा जन्म १९३४ सालचा, टोकियोतला. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डमधून त्यांनी रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि १९६८ ते २००१ असा दीर्घ काळ न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये काढला. टेलिफोन कंपनीच्या पैशावर कुणी वर्षानुवर्षं हिमोग्लोबिन न्याहाळत बसावं, हे आजच्या सहामाही प्रगती-अहवालांच्या जमान्यात खरं वाटत नाही. त्यांचं नाव ज्या कामामुळे झालं, ते छापून आलं तेव्हा ओगावा ५६ वर्षांचे होते.

त्या कामाचं मूळ मात्र जुनं. प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन आणि प्राणवायू देऊन मोकळं झालेलं हिमोग्लोबिन चुंबकापुढे निराळं वागतं, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियल यांनी १९३६ सालीच दाखवलं होतं. मोकळं झालेलं हिमोग्लोबिन आसपासच्या चुंबकीय क्षेत्रात किंचित गडबड करतं. ओगावांनी शक्तिशाली चुंबकात उंदरांच्या मेंदूची चित्रं घेतली तेव्हा त्यांत बारीक काळ्या रेघा दिसल्या. उंदरांना शुद्ध प्राणवायू दिला की रेघा पुसट होत. त्या रक्तवाहिन्या होत्या. म्हणजे बाहेरून काहीही न टोचता रक्तच आपली खबर देत होतं. हे १९९० साली प्रसिद्ध झालं. १९९२मध्ये ओगावांच्या गटासह अमेरिकेतल्या तीन गटांनी हीच युक्ती माणसाच्या मेंदूवर वापरली.

इथे एक गंमत आहे. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तो प्राणवायू वापरणार, मग त्या जागी काळेपणा वाढायला हवा. होतं उलटं. पंगतीत दहा पानं वाढायची असताना वीस पानांचा वरणभात येऊन पडावा, तसं गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त तिथे धावतं आणि ती जागा उजळते. तेही लगेच नाही. उजेड शिगेला पोचायला पाचेक सेकंद लागतात. चित्रातल्या एकेका ठिपक्यात लाखो पेशी असतात. आपण पाहतो ती पेशींची कुजबुज नव्हे, त्यांच्यासाठी आलेली रसद. तीही उशिरा आणि घाऊक.

एवढ्या आडवाटेने आलेल्या माहितीवर संख्याशास्त्राचे संस्कार करावे लागतात आणि घोळ तिथेच होतो. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले. हजारो ठिपके एकाच वेळी तपासताना घ्यायची खबरदारी मुद्दाम वगळली, तर माशाच्या मेंदूतही ‘हालचाल’ सापडली! २०१२ साली या कामाला इग्नोबेल मिळालं. लोक हसले, पण मला तो या क्षेत्रातला सर्वांत प्रामाणिक प्रयोग वाटतो.

दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट. मिलवॉकीतले एक विद्यार्थी, भरत बिस्वाल, स्कॅनरमध्ये स्वस्थ पडलेल्या माणसांच्या संकेतांतली संथ चढउतार तपासत होते. असली चढउतार म्हणजे श्वासाचा आणि नाडीचा कचरा, असं धरून ती गाळून टाकण्याची रीत होती. हात हलत नसतानाही मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंचे हात हलवणारे भाग एका लयीत वरखाली होतात, असं बिस्वाल यांना आढळलं. १९९५च्या त्या निबंधातून पुढे स्वस्थ मेंदूच्या अभ्यासाची शाखाच उभी राहिली. माशाच्या मेंदूतल्या निव्वळ गोंगाटाला अर्थ चिकटला होता. इथे अर्थाला गोंगाट समजलं जात होतं. दोन्हींतला फरक यंत्र सांगत नाही. तो ओळखणारी नजर कमावण्यातच संशोधकाची उमेदीची वर्षं जातात.

एखाद्या माणसाचं नैराश्य किंवा खोटेपणा या चित्रातून वाचण्याचे दावे अधूनमधून होतात, ते मला घाईचे वाटतात. दवाखान्यात या तंत्राचा भरवशाचा उपयोग फार साधा आहे. मेंदूतली गाठ काढायच्या आधी रुग्णाला बोटं हलवायला किंवा मनात शब्द जुळवायला सांगतात. हालचालीची आणि भाषेची ठिकाणं कुठे आहेत ते बघतात. आणि सुरी कुठून न्यायची, हे सर्जन ठरवतो. ते ठरवताना तो एकट्या या चित्रावरही विसंबत नाही.