दिसणारा आकार, उलगडणारा आकार

शाळेत चित्रकलेचा तास हवा की कोडिंगचा, हा वाद आपल्याकडे काही वर्षे हिरिरीने चालू आहे. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसायशिक्षण आले, अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेतून 2016 नंतर अनेक शाळांत थ्रीडी प्रिंटर पोचले, आणि तालुक्याच्या गावांतही कॅडच्या क्लासचे फलक लागले. यात वाईट काहीच नाही. पण या गडबडीत एक समज पक्का होत चालला आहे आणि तो मला फार उथळ वाटतो. आकार पडद्यावर येऊन चहूबाजूंनी फिरवता आला की तो समजला, असा तो समज. मग पेन्सिल, पट्टी, कंपास आणि कात्री यांना अभ्यासक्रमात जागा ठेवायची ती केवळ परंपरेचा मान म्हणून.

हा समज तपासायला मोहोळसारखे गाव चांगले. सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याने सुमारे 35 किलोमीटरवर मोहोळ लागते, पंढरपूरचा रस्ता इथेच फुटतो. तालुक्यात टाकळी सिकंदरला भीमा साखर कारखाना आहे, अनगरला लोकनेते कारखाना आहे. ऊस म्हटला की ट्रॉल्या आल्या आणि ट्रॉल्या म्हटल्या की रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या शेड आल्या. अशा शेडमध्ये ग्रिल आणि शटरइतकेच साधे समजले जाणारे एक काम येते: हॉपर. वर चौकोनी तोंड, खाली गोल नळी. गिरणीला लागतो, धान्य साफ करण्याच्या यंत्राला लागतो. दिसायला इतका साधा, की आकार म्हणून कोणी त्याचा विचारही करत नाही.

पण सपाट पत्र्यातून तो करायचा ठरवला की अडचण समोर येते. चौकोनाच्या चार बाजूंपासून चार सपाट त्रिकोण खाली येतात आणि त्यांची टोके वर्तुळावर चार ठिकाणी टेकतात. उरलेल्या चार कोपऱ्यांत मात्र पत्रा वाकलेला असतो. तो प्रत्येक कोपरा म्हणजे तिरक्या शंकूचा एक तुकडा. पाव वर्तुळाचे तीन-चार सारखे भाग करायचे, कोपऱ्यापासून त्या प्रत्येक बिंदूपर्यंत रेघ धरायची आणि त्या रेघेची लांबी काढायची. इथेच खरी मेख आहे. ही रेघ वरून पाहिलेल्या चित्रात (प्लॅनमध्ये) असते, समोरून पाहिलेल्या चित्रातही (एलिव्हेशनमध्ये) असते, आणि दोन्हीकडे तिची लांबी खोटी असते, कारण ती दोन्ही पातळ्यांना तिरकी आहे. खरी लांबी मिळवायची तर प्लॅनमधली लांबी पाया धरून आणि हॉपरची उंची उभी बाजू धरून काटकोन त्रिकोण काढावा लागतो, त्याचा कर्ण म्हणजे खरी रेघ. असे एकेक कर्ण घेऊन कंपासने त्रिकोणाला त्रिकोण जोडत गेले की जमिनीवर खडूने हॉपर उलगडतो. जाणता कारागीर आधी जाड कागदाचा फर्मा कापून पाहतो. तो जुळला तरच पत्र्याला कात्री लागते.

ज्याने एकदा हे केले त्याला चित्र म्हणजे काय ते कळते. चित्रात दिसणारी लांबी आणि वस्तूत असणारी लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीवरून दुसरी काढण्याची रीत आहे. कल्पना चित्रात मांडण्याचे सगळे शिक्षण या एका जाणिवेवर उभे आहे असे मी म्हणेन. अतिशयोक्ती वाटली तरी म्हणेन.

समोरचे मत त्याच्या उत्तम रूपात मांडतो, नाहीतर त्याचे खंडन करण्यात अर्थ नाही. ते असे: रेखाचित्र ही वस्तूची सावली. वस्तू सपाट कागदावर आणण्याचा दुसरा मार्गच नव्हता तोवर सावलीवरून वस्तू ओळखण्याचे कसब लागत होते. 1963 मध्ये आयव्हन सदरलँडने संगणकावर चित्र काढण्याचा स्केचपॅड हा प्रोग्राम दाखवला, आणि नंतरच्या दशकांत पडद्यावर त्रिमितीय आकारच उभा करता येऊ लागला. आज कारखान्यात फाइल थेट यंत्राला जाते, प्लॅन आणि एलिव्हेशन सॉफ्टवेअर आपोआप काढून देते, आणि हॉपर हवा असेल तर त्याचा उलगडा एका क्लिकवर मिळतो. मग नववीतल्या मुलीने काटकोन त्रिकोण काढत का बसायचे?

या मताची पहिली चूक अशी की पडद्यावरचा आकारही चित्रच आहे, वस्तू नव्हे. त्याला खरी जाडी नसते, खरा सांधा नसतो. पत्रा वाकवला की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते, म्हणून कापायची लांबी नुसती मापांची बेरीज करून मिळत नाही. पत्र्याचे सॉफ्टवेअर हे जाणते म्हणूनच वाकवण्याची सूट किती धरायची ते विचारते. तो आकडा भरणाऱ्याला प्रश्न कळला नसेल तर उत्तर सॉफ्टवेअर देत नाही, ते फक्त चुकीचा पत्रा अचूक कापून देते.

दुसरी चूक अधिक खोल आहे. पडदा सगळ्या आकारांना सारखेच वागवतो. गोळा, शंकू, नळी, घोड्याचे खोगीर, काहीही उभे करा, पडद्याला सारखेच सोपे. कागद असे करत नाही. कागदाची नळी होते, शंकू होतो, हॉपर होतो, पण गोळा होत नाही. संत्र्याची साल टेबलावर दाबून पसरली की ती फाटते, ते याच कारणाने. गाउसने 1827 मध्ये हे सिद्ध केले: पृष्ठभागाची आंतरिक वक्रता ताणल्याशिवाय बदलता येत नाही, म्हणून गोलाचा कोणताही तुकडा न ताणता, न फाडता सपाट होत नाही. जगाचा प्रत्येक नकाशा कुठे ना कुठे खोटा असतो, त्यामागेही हेच आहे. हा सिद्धांत मुलाच्या हाताला प्रथम कळतो, तो कागदाने नकार दिला तेव्हा. पडदा नकार देत नाही.

यावर उत्तर येते की थ्रीडी प्रिंटर आहे ना, तो वस्तू हातात देतो. देतो. पण तो शंकू जितक्या निर्विकारपणे छापतो तितक्याच निर्विकारपणे गोळाही छापतो, कारण तो थरावर थर रचतो. वस्तू हातात आली, पण जो प्रश्न विचारायचा होता तो विचारलाच गेला नाही. प्रिंटरच्या मी विरोधात नाही. कुंभारकामासारखी भर घालून होणारी कामे शिकवायला तो कदाचित चांगला असेल. पण पत्रा, कापड, कागद, चामडे, प्लायवूड, म्हणजे सपाट येणारी आणि कापून जोडायची जी सामग्री आहे, तिच्यावर आपल्या भागातला बहुतेक कारागीर जगतो. तिचे व्याकरण प्रिंटर शिकवत नाही.

मग शेवटचा आक्षेप वेळेचा: तासिका आहेत किती? या आक्षेपाचा मी आदर करतो. पण वेळ वाचवून आपण काय मिळवले ते पाहा. इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आलेली किती मुले प्रक्षेपणाची, म्हणजे वरून-समोरून काढायच्या चित्रांची, ठरावीक उत्तरे पाठ करून पास होतात, ते शिकवणाऱ्या कोणालाही विचारा.

हाताच्या स्पर्शाची महती गाणाऱ्यांशी माझे भांडण नाही, पण हळहळीतून अभ्यासक्रम तयार होत नाही. आणि चित्रकला ही जन्मजात देणगी आहे, हे मत हॉपरच्या पहिल्या कर्णापाशीच संपते, कारण तो रीत शिकून कोणालाही काढता येतो.

चित्रकार ड्यूररने 1525 मध्ये घनांच्या घडण्या, म्हणजे सपाट उलगडे, छापल्या, गणिती माँझची प्रक्षेपणाची भूमिती फ्रेंच लष्कराने काही काळ गुपित म्हणून जपली, 1857 मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. मला त्याहून जवळची गोष्ट सांगायची आहे. सोलापूरची चादर जॅकार्डवर विणली जाते. तिची नक्षी आधी ग्राफच्या कागदावर चौकटी भरून काढत आले आहेत. उभी रांग ताण्याच्या धाग्याची, आडवी ओळ बाण्याच्या एका फेऱ्याची. मग एकेका ओळीचे एकेक कार्ड पंच होते, आणि भोक असेल तिथला धागा उचलला जातो. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हे शहर चादरीसाठी नावारूपाला आणले, ते अशा चित्रांवर. आता ग्राफ संगणकावर भरला जातो, इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला कार्डही लागत नाही, आणि तरी चित्राचा स्वभाव बदललेला नाही. माग धागे उचलायला जितके हुक देतो तितक्याच चौकटींत फूल बसले पाहिजे. बसले नाही तर ते फूल कितीही सुंदर असो, चादरीवर येणार नाही. म्हणून कागद विरुद्ध संगणक ही लढाईच मला खोटी वाटते. भोके पाडलेले कार्ड हा कागदच होता, आणि आहे-नाही एवढ्याच भाषेत बोलणारी सूचनाही होता.

खरा भेद निराळा आहे आणि मी पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच येतो. काही चित्रे आकार दाखवतात, काही चित्रे आकार उलगडतात. दाखवणारे चित्र पाहणाऱ्याला पटवते. बिल्डरच्या जाहिरातीतली इमारत, संध्याकाळच्या उजेडात उभी, हे दाखवणारे चित्र, मग ते ब्रशने काढलेले असो की सॉफ्टवेअरने. उलगडणारे चित्र पटवत नाही, ते पडताळता येते. त्यावरून कापा, जोडा. कडा जुळल्या तर बरोबर, नाहीतर चूक. इथे शिक्षकाच्या मताची गरज नाही, आणि गरीब घरातल्या, भाषेत मागे असलेल्या मुलाला याचे मोल किती, ते वर्गात उभे राहणाऱ्याला कळेल.

विजापूरचा गोल घुमट सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांच्या सहलीचे ठरलेले ठिकाण आहे. मुले कुजबुजणाऱ्या सज्जात जाऊन टाळ्या वाजवतात, प्रतिध्वनी मोजतात आणि परततात. मुहम्मद आदिलशहाच्या त्या कबरीत, 1656च्या सुमारास, सोडवलेला प्रश्न हॉपरचाच आहे: खाली चौकोन, वर वर्तुळ. तिथल्या गवंड्यांनी एकमेकांवर 45 अंशांत फिरवलेले दोन चौकोन धरून आठ कमानी एकमेकींत गुंफल्या आणि त्यांच्यावर सुमारे 44 मीटर बाहेरच्या व्यासाचा घुमट ठेवला. प्लॅन काढला तर आठ टोकांचा तारा दिसतो. हॉपर कागदावर उलगडतो, घुमट उलगडत नाही. एक पत्र्याचा झाला, दुसरा विटा-चुन्याचा. सहलीहून आल्यावर मुलांनी हे दोन आकार शेजारी शेजारी काढले, तर बांधकाम, भूमिती आणि इतिहास एकाच कागदावर येतील.

यासाठी नवा विषय लागत नाही. महाराष्ट्र कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत कर्तव्यभूमितीसोबत घनभूमिती आहे. पाचवीच्या गणितात घडण्या आहेत. फ्रीकॅड आणि ब्लेंडर मोफत आहेत, आणि आकार उलगडून कागदावर छापण्याची साधनेही त्यांना जोडता येतात. तुटले आहे ते यांच्यातले नाते. घनभूमिती चित्रकलेच्या शिक्षकाकडे, घडण्या गणिताकडे, संगणक तिसऱ्याकडे. आणि इंटरमिजिएटचे चित्र दहावीच्या सवलतीच्या 7, 5 किंवा 3 गुणांपुरते काढले जाते, घनभूमितीचे उत्तर कागदावरून उठून कधी उभे राहत नाही.

संगणक उशिरा आणा असेही मी म्हणत नाही. फक्त क्रम एवढा असावा: आधी वरून आणि समोरून काढलेले चित्र, मग खऱ्या लांब्या काढून हाताने केलेला उलगडा, मग कात्री आणि डिंक, आणि मग तोच आकार संगणकावर, त्याचा छापील उलगडा आपल्या उलगड्यावर ठेवून पाहण्यासाठी. दोन्हींत फरक निघेल. पाव वर्तुळाचे तीनच भाग केले म्हणून वाकलेल्या कडेची लांबी किंचित कमी भरते. सहा भाग केले तर फरक घटतो. का घटतो, हे मुलाने विचारले तर त्या शिक्षकाने वर्षाचे काम केले.

मोहोळ तालुक्यातल्या कलाशिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या सत्रात इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांकडून घनभूमितीच्या सरावातला एकतरी घन जाड कागदात कापून, जोडून घ्या. मग त्यांना जवळच्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये न्या आणि तिथल्या कारागिराला हॉपरचा फर्मा जमिनीवर आखून दाखवायला सांगा. गणिताच्या शिक्षकांनाही सोबत घ्या.