अमोनियाची प्रजाती आणि सामान्याचा वाद

इटलीत बोलोन्याजवळच्या वाळूत मुरलेल्या, शंखासारख्या चिमुकल्या कवचांची नोंद याकोपो बार्तोलोमेओ बेक्कारी यांनी १७३१ मध्ये केली. तिथला समुद्र कधीच आटला होता. पुढे रिमिनीच्या किनाऱ्यावरही तशीच कवचं मिळाली. लिनियसने १७५८ मध्ये त्यांतल्या एका जातीला बेक्कारींचं नाव दिलं आणि तिला नॉटिलसमध्ये, म्हणजे मृदुकाय प्राण्यांत बसवलं. ही जात आज ज्या अमोनिया प्रजातीत मोडते, ती ब्रुनिकने १७७२ मध्ये मांडली. फोरॅमिनीफेरा गटातले हे जीव मुळात एकपेशीय आहेत, हे १८३५ मध्ये फेलिक्स द्युजार्दँने ओळखलं.

कवच तेच राहिलं, त्याचं घराणं बदलत गेलं. मग प्रजाती निसर्गात असते की पाहणाऱ्याच्या बुद्धीत?

भारतीय दर्शनांत हा वाद जुना आहे. वैशेषिकांच्या मते सगळ्या गाईंत एकच नित्य सामान्य, म्हणजे गोत्व, असतं; ते ओळखायचं असतं, घडवायचं नसतं. बौद्ध आचार्य दिङ्नागांनी हे नाकारलं. जे गाय नाही ते वगळलं की उरते ती गाय. गोत्व ही बुद्धीची रचना. सूक्ष्मदर्शकाशी बसलेला अभ्यासक दिङ्नागांच्याच वाटेने चालतो. कवचाच्या एका बाजूला सगळे वेढे दिसतात, उलट बाजूला फक्त शेवटचा; म्हणजे सपाट गुंडाळी असलेले सगळे बाद. असं गाळत गाळत तो अमोनियापाशी पोचतो.

पण आकार फसवतो. १९७४ मध्ये डेटमार श्निटकर यांनी प्रयोगशाळेत एकाच जिवापासून अमोनियाची संतती वाढवली, तर तिच्यातच वेगवेगळ्या घडणीची कवचं निघाली. अशा रूपांना आधी निरनिराळी नावं मिळालेली होती. नंतर डीएनए तपासला गेला आणि चित्र उलटलं: वरवर एकसारख्या दिसणाऱ्या कवचांमागे अनेक वेगळ्या जाती निघाल्या.

इथे वैशेषिकांचं सामान्यही पुरत नाही आणि दिङ्नागांचं वगळणंही. या जिवांना एकत्र बांधते ती वंशपरंपरा. ती नित्य नाही, कारण तिला आरंभ आहे. ती कल्पितही नाही. एका पेशीपासून दुसरी पेशी खरोखरच जन्मली आहे, कुणी पाहो वा न पाहो.

अडचण येते जीवाश्मांत. लाखो वर्षांपूर्वीच्या कवचात डीएनए उरत नाही, हाती राहतो तो आकारच. म्हणून जिवंत नमुन्यांकडे वळावं लागतं. युरोपच्या किनाऱ्यावरच्या अमोनियाचे तीन वंशगट कवचावरच्या छिद्रांच्या आकारावरून आणि कप्प्यांमधल्या उंचावलेल्या सांध्यांवरून वेगळे ओळखता येतात, हे २०१९ मध्ये ज्युलियँ रिशिर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं.

नैयायिक स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी एकत्र पाहून व्याप्ती, म्हणजे त्यांची अटळ सोबत, ठरवतात, मग डोंगरावरच्या धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. जिवंत अमोनिया हे ते स्वयंपाकघर, जीवाश्मांचा थर हा डोंगर. छिद्रं आणि वंश यांची आज दिसणारी सोबत त्या काळीही होती का, हे थराथराला तपासावं लागतं. म्हणूनच जीवाश्माला नाव देणाऱ्याने ते कोणत्या लक्षणावर उभं आहे, हे वर्णनात स्पष्ट लिहायला हवं; पुढच्या अभ्यासकाला ते अनुमान मोडायचं झालं, तर नेमकं कुठे बोट ठेवायचं ते त्याला कळेल.