परतून येणारा उजेड

काचेतून जाताना प्रकाश किती विझतो, हे टेलिकॉमवाले डेसिबलमध्ये सांगतात. हे माप दिसतं तितकं साधं नाही. वीस डेसिबलची घट म्हणजे शंभरातला एकच भाग उरला. 1960च्या दशकातल्या चांगल्या काचेत ही गत वीसेक मीटरवरच व्हायची. 1966 साली इंग्लंडमधल्या हार्लोच्या प्रयोगशाळेतून चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं, की दोष काचेचा नाही, तिच्यात मिसळलेल्या लोखंडादी अशुद्धींचा आहे. त्या काढल्या तर तेवढ्याच घटीत किलोमीटरभर मजल मारता येईल, आणि काचतंतूतून टेलिफोन न्यायला तेवढं पुरे. 1970मध्ये कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी ते करून दाखवलं. आज तीच घट व्हायला शंभर किलोमीटर लागतात.

काओंना 2009 साली नोबेल मिळालं, तेव्हा पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानींसाठी आपल्याकडे बरीच हळहळ झाली. हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत त्यांनी 1954 सालीच काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेलं होतं. ती हळहळ मला समजते, पण पुरती पटत नाही. कपानींनी प्रकाशाला वळणावरून जायला शिकवलं. काओंनी त्याला लांबचा पल्ला दिला.

पण काच कितीही गाळली, तरी थोडी घट उरतेच. वितळलेली काच थिजताना तिच्या घनतेतले सूक्ष्म चढउतार तसेच गोठून राहतात आणि त्यांवर प्रकाश विखुरतो. आकाश निळं दिसतं, तेही अशाच विखुरण्यानं. लांब तरंग कमी विखुरतात, म्हणून लांब पल्ल्याला 1550 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश वापरतात. त्याहून फार पुढं जावं तर काच स्वतःच तो शोषू लागते. म्हणजे उरलेला दोष काचेचा स्वभावच म्हणायचा.

आणि गंमत अशी, की सगळी दुरुस्ती या दोषावरच चालते. खोदकामात जेसीबीनं केबल तोडली, की तंत्रज्ञ एका टोकाला ओटीडीआर नावाचं यंत्र जोडतो. ते प्रकाशाचा स्पंद सोडतं आणि विखुरून मागं येणारा अंश टिपत राहतं. पडद्यावर उतरती रेघ उमटते; जोड असेल तिथं छोटी पायरी, तुटलं असेल तिथं एकदम कडा. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. तेव्हा जाऊन-येऊन शंभर मायक्रोसेकंदांनी रेघ कोसळली, तर तूट दहा किलोमीटरवर. मग तिथं जाऊन आवरण सोलायचं, अल्कोहोलनं तंतू पुसायचा, टोकं सरळ कापायची आणि स्प्लायसिंग मशीनमध्ये विजेच्या ठिणगीनं सांधायची. केसाहून फार जाड नसलेल्या त्या तंतूचा प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम नऊ मायक्रॉनचा. दोन्ही टोकांचे गाभे समोरासमोर आले नाहीत, तर सगळी मेहनत वाया.

आता पोकळ गाभ्याचे तंतू आले आहेत. प्रकाश त्यांत काचेतून न जाता हवेतून जातो, वेगानं जातो, आणि उत्तम नमुन्यांत घट नेहमीच्या काचेहूनही कमी आहे. पण त्यांच्यातून मागं फिरणारा प्रकाश इतका क्षीण असतो, की तूट शोधायला नेहमीचं ओटीडीआर अपुरं पडतं.